भिंतीवर चित्र काढलं की ती भिंत मान्य केल्यासारखं होतं का? (सोलापूर, माझ्या क्लासच्या मुलांसाठी विचारतेय)

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात चित्रकलेचे क्लास घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं असतात. गेले पंधरा दिवस एक गोष्ट मनातून जात नाहीये, घरी बोलून झालं, मैत्रिणींशी बोलून झालं, आता इथं विचारते. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या भागात जुन्या गिरणी कामगारांची चाळ आहे आणि तिला लागून नवीन अपार्टमेंट झालेत. मधून एक बोळ होता, कडुनिंबाचं झाड, एक सार्वजनिक नळ, आणि बोळ संपला की मेन रोड. दोन वर्षांपूर्वी सोसायटीने त्या बोळात आठ फुटी भिंत घातली, वर काचा रोवल्या. कागदोपत्री जागा त्यांचीच आहे म्हणतात त्यामुळे कायद्याचं मी काही बोलत नाही. पण चाळीतल्या बायका बिड्या वळतात, वळलेल्या बिड्या रोज कारखान्यात द्यायला जातात, आधी पाच मिनिटांत रोडला लागायच्या आणि आता नाल्याच्या कडेने वळसा घालून वीस मिनिटं, ते पण आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मे च्या उन्हात.

आता सोसायटीच्या कमिटीने मला विचारलं की मॅडम तुमच्या मुलांकडून भिंत रंगवून घ्या ना, रंग आम्ही देतो, नाश्ता देतो, सर्टिफिकेट देतो, विषय 'एकता'. मी लगेच हो म्हणून बसले, मुलांना एवढी मोठी भिंत कुठं मिळते हो. क्लासमध्ये सांगितलं तर मुलं नाचायलाच लागली. माझ्याकडे चार मुलं चाळीतली आहेत, त्यातला एक सहावीतला, तो रंगाचं झाकण लावता लावता सहज म्हणाला, "मॅडम, आमच्या बाजूनं पण काढायचं ना?" मी कमिटीला विचारलं. ते म्हणाले तिकडची बाजू आपल्याला दिसत नाही, तिकडं कशाला रंग घालवायचा.

झालं. तेव्हापासून हात थांबलाय. मुलांना दाखवायला म्हणून मी बर्लिनच्या भिंतीचे, पॅलेस्टाइनमधल्या भिंतीचे फोटो गोळा करून ठेवले होते, तेच फोटो आता मी वेगळ्या नजरेनं बघतेय. त्या भिंतींवर ज्यांनी काढलं त्यांना हा प्रश्न पडला नसेल का? आपण भिंत छान केली म्हणजे ती तिथं असायला आपली हरकत नाही असं होतं का? की काढलंच पाहिजे, कारण कोरी भिंत ठेवून तरी काय बदलतंय? ज्यांनी या भिंती प्रत्यक्ष बघितल्यात, वाचलंय, त्यांनी कृपया मनापासून लिहा. कमिटीला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

टेरी_टॉवेल

ताई, मी टॉवेलच्या एक्स्पोर्टमध्ये आहे, जानेवारीत फ्रँकफर्टला होम टेक्स्टाइलचं मोठं प्रदर्शन भरतं तिथं सोलापूरचे बरेच जण जातात, मी पण दोनदा गेलोय. दुसऱ्या वेळी एक दिवस मोकळा मिळाला तर रेल्वेने बर्लिन गाठलं, चार-साडेचार तास लागले. पूर्व जर्मनीने आपली माणसं पश्चिमेकडं जाऊ नयेत म्हणून घातलेली ती भिंत बघायचीच होती, लहानपणी दूरदर्शनवर ती फोडताना बघितली होती.

नदीच्या कडेने १.३ किलोमीटरचा तुकडा ठेवलाय, ईस्ट साइड गॅलरी म्हणतात. ते सोव्हिएत नेता ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचा नेता होनेकर यांचं चुंबन घेतानाचं प्रसिद्ध चित्र तिथंच आहे, समोर फोटो काढणाऱ्यांची रांग. मी पण काढला. पण मला एक गोष्ट तिथं जाईपर्यंत माहितीच नव्हती, ती तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे म्हणून सांगतो. ही सगळी चित्रं भिंत पडल्यानंतरची आहेत. भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला आणि ही चित्रं काढली १९९० मध्ये, २१ देशांतल्या ११८ चित्रकारांनी. त्याच्या आधी ही बाजू, म्हणजे पूर्वेकडच्या लोकांना दिसणारी बाजू, कोरी होती. तिथं ब्रश घेऊन जाणं सोडा, जवळ जाणंसुद्धा जिवावरचं काम. भिंत एक नव्हती, दोन होत्या, मध्ये वाळूचा पट्टा, टॉवर, कुत्रे, बंदूकवाले. त्या भिंतीपायी किमान १४० माणसं मेलीत.

म्हणजे भिंत पडेपर्यंत रंग होता तो एकाच बाजूनं, पश्चिमेकडून, आणि दुसऱ्या बाजूनं काही नाही. तुमच्या त्या सहावीतल्या पोराचा प्रश्न वाचल्यावर मला पहिलं हेच आठवलं.

पश्चिमेकडची रंगवलेली बाजू पण फुकटात मिळालेली नव्हती बरं का. पूर्व जर्मनीने भिंत आपल्या हद्दीच्या थोडी आत बांधली होती, त्यामुळे पश्चिमेकडून भिंतीला चिकटून उभा राहिलेला माणूस खरंतर पूर्व जर्मनीच्या जमिनीवर उभा असायचा, आणि भिंतीत छोटी दारं होती, त्यातून सैनिक येऊन उचलून नेऊ शकायचे. थिएरी न्वार म्हणून एक फ्रेंच माणूस, भिंतीजवळच राहायचा, १९८४ पासून त्यानं ती रंगवायला घेतली. त्याची ती मोठ्या ओठांची लांबट डोकी तुम्ही बघितली असतील. ती इतकी साधी का? तर पळायची तयारी ठेवून काढायची होती म्हणून. दोन कल्पना, तीन रंग, संपलं. त्याचं म्हणणं साधारण असं की ही माणसं मारणारी गोष्ट आहे, हिला किती पण रंग लावा, ही सुंदर होणार नाही, मी ती सुंदर करायला काढत नाही.

आणि आता तुमचा नेमका प्रश्न. तो तिथल्या लोकांना पण पडला होता! १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये पाच तरुण पोरं, मूळची पूर्व जर्मनीतल्या वायमारची, तिकडून पश्चिमेत आलेली, तोंडाला मास्क लावून रोलर घेऊन निघाली आणि भिंतीवरच्या सगळ्या चित्रांवरून एक पांढरी रेघ ओढत गेली. किलोमीटरच्या किलोमीटर. का, तर त्यांना वाटलं की या रंगांमुळे लोक विसरलेत की ही भिंत आहे, टुरिस्ट फोटो काढून जातात, पलीकडं आपली माणसं अडकलीत हे कुणाच्या डोक्यात राहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीतल्या दारातून सैनिक आले आणि त्यातल्या एकाला पकडून नेलं, तुरुंगात टाकलं. ज्या राज्यातून सुटून आला त्याच राज्यात परत, एका पांढऱ्या रेघेपायी. त्याच्या आधी थोडेच दिवस, ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतला चित्रकार कीथ हेरिंग येऊन पिवळ्या रंगावर लाल-काळी हात धरलेली माणसं काढून गेला होता, जगभर बातमी झाली. ते चित्र पण लगेच इतरांनी रंगवून टाकलं.

माझं मत विचाराल तर मला त्या पाच पोरांचं पटतं, पण न्वारचं पण खोटं नाही. जो रोज त्या भिंतीसमोर राहतो त्याला काहीतरी करावंसं वाटणारच.

रंगारी_काका

म्याडम मी चाळीस वर्सं सोलापुरात बोर्ड रंगवलो, भिंती रंगवलो. आता डोळे नाहीत म्हणून पोरगा बघतो, तो फ्लेक्सचं करतो. मी टाइप कमी करतो, नातू करून द्यायलाय.

इलेक्शनला पत्र्याचा साचा करून निशाणी मारायचो, गेरू, नीळ, चुना, सरस घालून. रात्रीतनं काम. सकाळी घरमालक उठला की बघतो तर भिंतीवर हात नाहीतर सायकल. कुणी त्याला विचारलेलं नसायचं. मग इलेक्शन झालं की त्याच भिंती पुसायचं काम पण मलाच. चुन्याचे दोन हात मारलो तरी गेरू वर येतोच, पावसाळा झाला की परत दिसायला लागतो. म्हणून मी सांगतो, भिंतीवर काय काढायचं ते ज्याची भिंत आहे त्यानं नाही ठरवायचं, ज्याला रोज ती बघायला लागती त्यानं ठरवायचं. हे मला उशिरा कळलं.

कामाचं बोलतो. भिंत दोन वर्साची आहे म्हणजे प्लास्टर वाळलंय, पण खालनं ओल चढलीय का बघा. नळ होता म्हणता तर ओल असणारच. पापुद्रे खरवडा, सँडपेपर मारा, एक्स्टिरिअर प्रायमर मारा, मग एक्स्टिरिअरचाच रंग. पोस्टर कलरनं काढलात तर एक पाऊस. काम सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत संपवा, भिंत तापली की रंग ब्रशलाच वाळतो.

आणि वरच्या काचा. लेकरं स्टूलवर चढणार, शिडीवर चढणार. काचा काढल्याशिवाय हात लावू नका. हे कमिटीला आधी सांगा. काचा काढायच्या नाहीत म्हणाले तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

खडू_फळा

काका, काचांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच आलं नाही. मी रंगाच्या शेड ठरवत बसले होते. नमस्कार तुम्हाला.

टेरी_टॉवेल दादा, पांढऱ्या रेघेची गोष्ट मी आज क्लासमध्ये सांगितली, मुलं एकदम गप्प झाली. एका मुलीनं विचारलं मग रेघ ओढणारे पण चित्रकारच का. मी हो म्हणाले.

वाचत_बसलेली

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, या विषयावर थोडं काम केलंय म्हणून पॅलेस्टाइनबद्दल लिहिते.

वेस्ट बँक, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी भाग, तिथली भिंत इस्रायलने २००२ ला बांधायला घेतली. पूर्ण मार्ग सातशे किलोमीटरच्या आसपास आहे, बराचसा भाग तारेचं कुंपण आहे आणि शहरांजवळ काँक्रीट, ते आठ मीटरपर्यंत उंच, म्हणजे बर्लिनच्या ३.६ मीटरच्या दुपटीपेक्षा जास्त. इस्रायल म्हणतं आत्मघाती हल्ले थांबवायला बांधली. पण मार्गाचा बहुतेक भाग १९४९ च्या युद्धबंदी रेषेवर नाही, वेस्ट बँकच्या आत आहे, त्यामुळे शेतकरी एकीकडं आणि त्याचं शेत दुसरीकडं असं झालंय. ९ जुलै २००४ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की आतून जाणारी ही भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात आहे. भिंत आहे तशीच आहे.

२००५ मध्ये बँक्सी, म्हणजे खरं नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणारा ब्रिटिश चित्रकार, तिथं गेला आणि नऊ चित्रं काढून आला, फुग्यांना धरून वर उडणारी मुलगी वगैरे. त्यानंच सांगितलेला एक किस्सा आहे. एक म्हातारा त्याला म्हणाला तू भिंत सुंदर करतोयस. बँक्सी आभार मानायला लागला तर म्हातारा म्हणाला आम्हाला ही सुंदर नकोय, आम्हाला ही भिंतच नकोय, घरी जा. ताई, तुमचा प्रश्न त्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात विचारलाय. पुढं २००७ मध्ये बँक्सीनं बेथलेहेममध्ये एक चित्र काढलं, सैनिक गाढवाची कागदपत्रं तपासतोय असं. त्याला चेकपोस्टची चेष्टा करायची होती पण तिथल्या काही लोकांना वाटलं आपल्याला गाढव म्हणतोय. अरबीत पण गाढव ही शिवीच आहे, आपल्यासारखीच. बाहेरून येऊन काढणाऱ्याला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

पण एवढ्यावर थांबलं तर अन्याय होईल, कारण तिथल्या भिंतीवर लिहिण्याची गोष्ट बँक्सीपासून सुरू होत नाही. ही काँक्रीटची भिंत नव्हती तेव्हा, १९८७ ला सुरू झालेल्या पहिल्या इंतिफादामध्ये, म्हणजे पॅलेस्टिनी लोकांच्या उठावात, लोक घरांच्या, दुकानांच्या भिंतींवर लिहायचे. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, मग उद्या बंद आहे, अमका गेला, असं सगळं भिंतीवरच कळायचं. सैन्य येऊन ज्याच्या भिंतीवर लिहिलंय त्या घरमालकालाच उठवून पुसायला लावायचं. रंगारी काकांनी लिहिलेलं वाचून मला तेच आठवलं, रात्री एकानं लिहायचं आणि सकाळी दुसऱ्यानं चुना मारायचा. आणि हंदाला! नाजी अल-अली या व्यंगचित्रकाराचा दहा वर्षांचा मुलगा, अनवाणी, ठिगळाचे कपडे, हात मागे बांधलेले, आपल्याकडं पाठ करून उभा. १९६९ मध्ये तो पहिल्यांदा काढला, आणि १९७३ पासून तो असा पाठ करूनच उभा आहे. नाजी अल-अलीला १९८७ मध्ये लंडनमध्ये गोळी घातली, पण तो मुलगा आज त्या भिंतीवर सगळीकडं आहे, आणि तो भिंत सुंदर करत नाही. तो फक्त भिंतीकडं बघत उभा आहे.

म्हणून माझ्या मते काढायचं की नाही यापेक्षा कोण काढतंय आणि कुणाला दाखवायला, हे बघा. तुमच्या कमिटीला जे हवंय ते नुसती भिंत सुंदर करण्याच्या प्रकारातलं आहे असं मला वाटतं, माफ करा स्पष्ट लिहिते.

अक्कलकोटकर

मला एक राहवत नाही. वाचत_बसलेली, माहिती चांगली आहे, पण सोसायटीची कंपाउंड वॉल आणि पॅलेस्टाइन एका तराजूत घालू नका. तिथं माणसं मरतायत. सोसायटीवाल्यांची पण काही बाजू असेल, चोऱ्या होत असतील, गाड्या लावत असतील बोळात. त्यांना एकदम बर्लिनवाले करून टाकलं तर ते उद्या मॅडमशी बोलणार पण नाहीत.

मी सीमेवरचा माणूस आहे. आमची आज्जी कन्नड बोलायची, आई मराठी, बाजारात दोन्ही चालतं आणि सोलापुरात आलो की त्यात तेलुगू आणि उर्दू मिसळते. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट कर्नाटकात घाला म्हणून लिहिलं होतं, आणि इकडं आम्ही लहानपणापासून भिंतींवर "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" वाचत मोठे झालो. इथं कुठं भिंत आहे? शेताच्या बांधावरून म्हैस पलीकडं जाते तिला कळत पण नाही राज्य बदललं. पण २०२२ च्या शेवटी वाद पेटला तेव्हा दोन्हीकडच्या एसटींना काळं फासलं, आणि आमच्या बहिणीला तिकडून माहेरी यायला जमलं नाही कारण बसच बंद. भिंत नसताना नुसत्या रंगानं रस्ता बंद झाला. मला एवढंच सांगायचंय की रंग काय नेहमी भिंतीच्या विरोधातच असतो असं नाही. रंगानं भिंत उभी पण राहते.

वाचत_बसलेली

अक्कलकोटकर दादा, बरोबर. तराजूत घालायचं नव्हतं, पण तसं वाचलं गेलं असेल तर माझी चूक. आणि तुमचं शेवटचं वाक्य उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला अगदी लागू पडतं. तिथं १९६९ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये भिंती घातल्या, 'पीस वॉल' म्हणतात त्यांना, १९९८ ला शांतता करार झाला तरी त्या उभ्याच आहेत, काही गेट आजही रात्री बंद होतात. दोन्हीकडं सुंदर म्युरल आहेत पण कितीतरी म्युरल "ही आमची गल्ली" एवढंच सांगायला काढलेले, फुटपाथच्या कडेच्या दगडांना पण एकीकडं लाल-पांढरा-निळा आणि दुसरीकडं हिरवा-पांढरा-केशरी. पोरगं पायाखालचा रंग बघून ओळखतं आपण कुठं आलो.

दमाणीनगर_ते_सॅनडिएगो

उशिरा लिहितोय, इकडं रात्र होती. मी दमाणी नगरचा, नोकरीनिमित्त सॅन डिएगोला असतो. घरापासून अर्ध्या तासावर अमेरिका-मेक्सिको कुंपण थेट समुद्रात शिरतं. लोखंडाचे उंच खांब, एकापाठोपाठ एक, लाटांमध्ये उभे, गंज चढलेला.

पलीकडं तिहुआना शहर आहे. २०११ मध्ये अ‍ॅना तेरेसा फर्नांडिस नावाची चित्रकार शिडी घेऊन तिथं गेली आणि तिनं ते खांब आकाशी निळ्या रंगानं रंगवले. दुसरं काही नाही काढलं, फुलं नाहीत, पक्षी नाहीत. मागं समुद्र आणि आकाश, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटायचं इथं कुंपणाला भगदाड पडलंय, इथून जाता येतंय. तिनं त्या कामाचं नाव ठेवलं त्याचा अर्थ 'सीमा खोडताना'. ताई, तुम्ही ड्रॉइंग शिकवता तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल, भिंत सजवायची नाही आणि तिच्यावर चिडून पण लिहायचं नाही, तिच्यामागं जे आहे तेच तिच्यावर काढायचं. बघणाऱ्याला क्षणभर ती नसती तर कसं असतं ते दिसतं, आणि जवळ गेल्यावर ती आहे हे आणखी टोचतं.

मी मात्र अमेरिकेच्या बाजूनं बघतो, आणि इकडून बघताना कुंपण नुसतं कुंपण. तुमच्या कमिटीच्या उलटं, इथं रंग तिकडच्या बाजूला आहे.

एक बघितलेलं सांगतो, विषयाला थोडं सोडून आहे. तिथंच फ्रेंडशिप पार्क म्हणून जागा आहे, १९७१ पासूनची, सुरुवातीला नुसती तार होती म्हणे, लोक हात मिळवायचे. मी गेलो तेव्हा जाड जाळी होती, इतकी बारीक की करंगळीचं टोक तेवढं जायचं. एक बाई इकडून आणि तिची आई तिकडून, करंगळीला करंगळी लावून उभ्या होत्या, दोघी काही बोलत नव्हत्या. मी पाच-सात मिनिटं होतो तिथं, मग मला तिथं थांबवेना. आमची आई तेव्हा सोलापुरात आजारी होती.

२०१९ मध्ये टेक्सासजवळ दोन आर्किटेक्टनी कुंपणाच्या फटीतून गुलाबी सी-सॉ आरपार घातले होते, एक पोर इकडं बसलं की तिकडचं वर. थोडाच वेळ चाललं ते. तुमच्या मुलांना तो व्हिडिओ जरूर दाखवा.

टेरी_टॉवेल

वा, निळ्या रंगाचं माहिती नव्हतं. ताई एक राहिलं होतं, पुढचं म्हणून सांगतो. भिंत पडल्यावर बर्लिनचे रंगवलेले तुकडे १९९० ला मोनॅकोमध्ये लिलावात विकले. न्वार आणि त्याच्या सोबतचे कोर्टात गेले की चित्र आमचं, पैसा तुम्ही घेता कसा, आणि १९९५ ला जर्मनीच्या सर्वोच्च कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे ज्यांनी विकली त्यांना पण शेवटी मान्य करावं लागलं की त्या काँक्रीटला किंमत आली ती त्यावर काढणाऱ्यांमुळे. तुमच्या मुलांची नावं भिंतीवर कोपऱ्यात घाला, चाळीतल्या मुलांची आधी.

रंगारी_काका

निळा रंग केलेली बाई बरोबर आहे. आकाशी निळा उन्हात लवकर उडतो, दर दोन वर्साला मारायला लागंल.

खडू_फळा

सगळ्यांना उत्तर देते, उशीर झाला कारण काल-परवा भरपूर बोलणं झालं.

अक्कलकोटकर दादा, तुमचं मनावर घेतलं. मी कमिटीकडं भांडायला गेले नाही. बसून चहा घेतला, बोळात रात्री बसणारी मुलं, दोन गाड्यांच्या फोडलेल्या काचा, हे सगळं ऐकून घेतलं, त्यांना त्रास झाला होता हे खरं आहे. मग मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, वरच्या काचा काढल्याशिवाय मुलं येणार नाहीत. दोन, दोन्ही बाजू रंगवायच्या, तिकडचा रंग लागला तर मी घालते. तीन, 'एकता' नको, विषय मुलं ठरवतील. काचांवर दोघं-तिघं एकदम हो म्हणाले, त्यातल्या एका काकूंच्या मांजराचा पाय कापला होता म्हणे मागं. दुसऱ्यावर चर्चा करून सांगतो म्हणाले. तिसऱ्यावर कुणी काही बोललं नाही. भिंतीत छोटं गेट होईल का, दिवसा उघडं, असं मी जाता जाता विचारलं, त्यावर अध्यक्ष नुसते हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

विषय मुलांनी ठरवलाय. सॅनडिएगो दादा, तुमचा निळा रंग त्यांना आवडला पण ते म्हणाले आपल्या भिंतीमागं समुद्र कुठाय, आपल्या मागं बोळ आहे. मग बोळच काढायचा. सोसायटीच्या बाजूनं उभं राहिलं की चाळीपर्यंतचा बोळ दिसेल आणि चाळीच्या बाजूनं उभं राहिलं की मेन रोडपर्यंतचा, भिंत नसताना दिसायचा तसा. यथादर्शन, म्हणजे लांबचं लहान होत जाताना दाखवायचं, मी नववीच्या मुलांना शिकवतेच, एका बिंदूचं, ते आता आठ फुटांवर करायचं. कमिटीने दुसऱ्या बाजूला नाही म्हटलं तर आम्ही या बाजूला पण हात लावणार नाही, हे मुलांनीच सांगितलं, मी नाही.

आज संध्याकाळी चाळीत जाऊन कच्चं स्केच काढलं. माझ्या क्लासमधल्या अपार्टमेंटच्या मुली पहिल्यांदा चाळीत आल्या होत्या, नाल्याकडून फिरून. बायका बिड्या वळत ओट्यावर बसल्या होत्या, सुपातली पानं बाजूला सरकवून त्यांनी पोरींना जागा करून दिली. मी कागद दाखवला, हे झाड, हा नळ, हे टोकाचं दुकान. एका आज्जींनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि तंबाखूच्या बोटानं नळावर टिचकी मारून म्हणाल्या, "ए पोरी, नळ उजव्या अंगाला न्हवता. डाव्या अंगाला होता. आन् त्याच्याखाली दगड होता, त्यावर घागर ठेवायचो. दगड काढ आधी."

दगड काढलाय. काका, दोन्ही बाजू धरून प्रायमर किती लिटर लागेल ते सांगा, भिंत बावीस फूट लांब आहे.